नाकाला नव्हे, गळ्याला

दवनीवाडा
५ एप्रिल २०२१

महाप्रसाद, सीताराम.

रागावलेल्या माणसाला खुशाली विचारू नये, असं आमची आई म्हणायची. म्हणून विचारत नाही. फक्त आहात एवढं कळवा.

होळीच्या आधीपासून तुमचं पत्र नाही. तुमच्या कैलाशचा फोन बंद लागतो. आपण दोघं फोनवर बोलू शकत नाही ते समजतं. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सरसोबत आपल्या गळ्यातली आवाजाची पेटीही काढून घेतली. पण पोराचा गळा तर धड आहे ना? तुमच्या गावाला टॉवर नाही, फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं, हे मला माहीत आहे. चढावं.

पाकिटावर तुमचं नाव आमची सून रुचिका लिहिते. महाप्रसाद म्हणून जन्माचा मित्र जोडला की त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. मी ते हातानेही घेत नाही. ती हसते. म्हणते, "बाबा, एवढं कोन पाळते आता?" मी पाटीवर लिहिलं, आम्ही पाळतो. तुम्ही अजून पाळता की नाही, ते मला माहीत नाही.

रेणूच्या लग्नाचं पुन्हा काढतो. काढायचं नव्हतं, पण डोक्यातून जात नाही. गळ्याला उघडं भोक असलेल्या माणसाने अशा दिवसांत पाचशे पानं उठवू नयेत, असं मी लिहिलं आणि आलो नाही. तुम्ही उलट लिहिलं की पोरीच्या मांडवात उभा राहत नाही तो कसला महाप्रसाद. ठीक आहे. तुमचा राग खरा. पण माझं लिहिणंही खोटं नव्हतं, आजही तेच लिहीन. रेणूसाठी आम्ही नवरा-बायकोने घेतलेलं लुगडं कपाटात पडलं आहे. सुलोचना ते मधूनमधून बाहेर काढते, झटकते, माझ्याकडे बघते आणि परत ठेवते.

आता इथलं. परवा धान बघायला बांधीवर निघालो तर चौकात पोलीस. मी ओला दुपट्टा गळ्याला बांधला होता. आपला श्वास तिथूनच, तर झाकायचं ते तिथेच. नाक उघडं. तो ओरडला, "ओ बुढऊ, मास्क किधर है? नाक पे लगा!" मी गळ्याकडे बोट केलं. त्याला वाटलं, मी त्याचा गळा कापायची भाषा करतो आहे. दिली एक पोटरीवर. मागून आमच्या शेजारचा लीलाधर धावत आला, "साहेब, मारू नोका जी, ह्या मान्साचं नाक गळ्यात हाय!" सगळे हसले. पोलीसही हसला. मीही हसलो, पण आपलं हसू कुणाला ऐकू येत नाही.

घरी आलो आणि पोटरी चोळता चोळता डोक्यात आलं. जे पोलिसाला कळलं नाही ते दवाखान्यात घाईगर्दीत कसं कळेल? हा रोग झाला की गोंदियाला नेतात. घरचं माणूस आत येऊ देत नाहीत. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावतात. आपल्या नाकाचा आणि छातीचा तर रस्ताच तोडलेला आहे. हवा वर नाकाशी फुसफुसत राहील आणि मी खाली गुदमरून मरेन. ओरडून सांगूही शकणार नाही.

तुम्ही याचा विचार केला आहे का? नसेल केला. तुम्ही करतच नाही. मी तुमच्याही वाटणीचा करून ठेवतो.

तुमचा महाप्रसाद


दवनीवाडा
१६ एप्रिल

महाप्रसाद, सीताराम.

परवापासून पुन्हा सगळं बंद झालं. पोस्टमन म्हणतो, टपाल जाईल, कधी पोचेल ते विचारू नका.

लीलाधरला गोंदियाला नेलं. माझं नाक गळ्यात आहे म्हणणारा तोच. चालत गाडीत बसला, जाताना मला म्हणाला, "मनिरामभाऊ, माही बकरी पाहजो." बकरी मी बघतो आहे. बाकी काही कळत नाही.

मी गजेंद्रला पाटीवर लिहून विचारलं, मला नेलं तर आत कोण सांगेल? तो म्हणाला, "बाबा, डॉक्टर लोकं होत ते, पोलीस नाई. त्यायले कळते." मी लिहिलं, घाईत कळते? त्याने वाचलं आणि बांधीवरची पाण्याची मोटार बघायला निघून गेला. पोरगा वाईट नाही.

मग मीच बंदोबस्त केला. नातीची जुनी पाटी घेतली, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगाने तिच्यावर लिहिलं: मी गळ्याने श्वास घेतो, हवा इथे लावा. दोरी ओवून ती गळ्यात अडकवली. दिवसा घालतो, झोपतानाही घालतो, काय सांगावं. सुलोचना म्हणते, "पाटी बांधून फिरून राहिले जी, इस्कुलीत नाव घालाले चालले काय?" म्हणू दे. तुम्हीही अशी पाटी करा. रंग नसेल तर कोळशाने लिहा, पण करा. हे वाचून हसू नका, उठा आणि करा.

आणखी एक. हे घरी कुणाला सांगितलं नाही. जबड्याखाली काहीतरी हाताला लागतं. तुरीच्या दाण्याएवढं. पाच तारखेच्या पत्रातही लिहिणार होतो, लिहिलं नाही. दिवसभर हात तिथेच जातो. सुलोचना विचारते, दाढ दुखते का? मी हो म्हणून मान हलवतो. त्या बाजूच्या दाढा कॅन्सरवर मशीनचा शेक द्यायच्या आधीच काढल्या होत्या, हे तिच्या लक्षात नाही ते बरं. नागपूरला रुचिकाने फोन केला तर म्हणाले, तपासणी पुढे ढकलली आहे, अगदी गरज असेल तरच या. गरज आहे की नाही ते तपासल्याशिवाय मला कसं कळावं? आणि तिथे गेलो तर एका रोगाच्या तपासणीत दुसरा रोग घेऊन यायचा. म्हणजे घरात बसलो तर हा खातो, बाहेर पडलो तर तो खातो.

अशा वेळी आपला वॉर्ड आठवतो. लोकांना दवाखाना आठवून भीती वाटते, मला उलट. तुमची खाट खिडकीजवळ. तुमच्या झोळीत पुरीच्या जगन्नाथाचा वाळलेला भात. महाप्रसाद जोडायचा तर तो एकमेकांना भरवायचा असतो, आणि आपल्याला तर गिळायची बंदी, दोघांच्या नाकात नळी. तुम्ही सिस्टरला हातवारे करून करून तो भात कुटायला लावला, पाण्यात कालवून गाळायला लावला आणि पिचकारीने आधी माझ्या नळीत, मग स्वतःच्या. सिस्टर म्हणाली, "असा प्रसाद म्या जन्मात वाढला नाई." ती हसता हसता रडत होती. आपण दोघं नुसते तोंड उघडून बसलो होतो.

आणि सकाळी जाग आली की तुम्ही स्टीलचा गिलास खाटेच्या लोखंडावर दोनदा वाजवायचे. म्हणजे, आहे. मग मी दोनदा वाजवायचो. म्हणजे, मीही आहे.

बांधीवर पाखरं हाकलायला आता मला हाक मारता येत नाही, डबा वाजवतो. काल वाजवता वाजवता नुसतं दोनदा वाजवलं आणि थांबलो. तुमचं सालेकसा किती लांब आहे ते मला कळतं. तरी थोडा वेळ थांबलो.

तुमचा महाप्रसाद


दवनीवाडा
२३ एप्रिल

महाप्रसाद, सीताराम.

लीलाधर गेला. बकरी अजून आमच्याकडेच आहे.

मला सर्दी आहे. साधी. गोठ्यात वारा लागतो त्याची. मी गोठ्यात खाट टाकली आहे, नात जवळ येऊ नये म्हणून नव्हे, इथे हवा चांगली आहे म्हणून.

वर लिहिलेलं खोटं आहे. खोडायला ताकद नाही, तसंच राहू देतो. तीन-चार दिवसांपासून ताप आहे. खोकला गळ्याच्या भोकातून येतो, त्याला आवाज नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. दुपट्टे मीच धुवून गोठ्यामागे वाळत घालत होतो. सुलोचनाने ते मोजले नसते तर अजूनही कळलं नसतं.

तिने गावच्या आशाताईला, नंदाबाईला, बोलावलं. नंदाबाईने बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. बघितलं. पुसलं, दुसऱ्या बोटाला लावलं. "काका, बोट थंडं हाय काय जी तुमचं?" मी जोरजोरात मान हलवली, हो, थंड आहे. तिने तिसरं बोट घेतलं. मग माझ्याकडे न बघता सुलोचनाला म्हणाली, "काकू, गाडी बोलवा लागते."

मी पाटीवर लिहिलं, जात नाही. तिथे नाकाला लावतील.

सुलोचना खाली मातीत बसली. म्हणाली, "इतं राहून का करान? तुमाले बोलता येत नाई, मले त येते! मी गेटावर बसन, येनाऱ्या-जानाऱ्या सगळ्यायले सांगन, गळ्याले लावा म्हनून. पोलीस मारन त मारू द्या."

लग्न झाल्यापासून ही बाई माझ्याशी भांडत आली आहे. मी कधी जिंकलो नाही.

महाप्रसाद, तुमचं उत्तर आलं असतं तर ते वाचून गेलो असतो. कैलाशचा फोन आज पुन्हा लावायला सांगितला. बंद.

गाडीचा आवाज येतो आहे. पत्र रुचिकाकडे देतो. पाटी गळ्यात आहे.


गोंदिया
१ मे

महाप्रसाद, सीताराम.

हा कागद माझ्या तापाच्या तक्त्याची मागची बाजू आहे. इथला कागद बाहेर नेऊ देत नाहीत. प्रेरणा नावाची सिस्टर आहे, ती याचा फोटो काढून रुचिकाला पाठवणार, रुचिका उतरवून पाकिटात घालणार. म्हणून अक्षर तिचं दिसेल. मजकूर माझा आहे.

क्रमाने लिहितो.

पाटी दारातच काढली. पांढऱ्या पोशाखातला माणूस म्हणाला, सामान आत चालत नाही, आणि चपलांसोबत पिशवीत टाकली. त्याने ती वाचली नाही. गजेंद्र मोटारसायकलवर मागून आला होता. गेटवर तो तिथल्या चौकीदाराला हात जोडून सांगत होता ते मी बघितलं. चौकीदार म्हणाला, "हाँ हाँ भैया, अंदर बता देंगे." सुलोचना गजेंद्रच्या मागे बसून आली होती. ती ओरडत होती, "नाकाले नोको जी, गळ्याले! गळ्याले!" मग दार बंद झालं.

आत मोठा हॉल. खाटेला खाट लागलेली. दुपट्टा तेवढा माझ्या गळ्यात राहिला. मला झोपवलं आणि मास्क लावला. नाकावर.

मी काढला. त्यांनी लावला. मी काढून गळ्याकडे नेला, त्यांनी हिसकून पुन्हा नाकावर बसवला. एकजण म्हणाला, "बुढऊ भरमला हाय, हवा कमी पडली का असंच करतेत." तीन माणसं आणि एवढा हॉल, त्यांचा दोष नाही. हे आज लिहितो, तेव्हा मात्र मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता. त्यांनी पट्टीने माझे हात खाटेच्या दांडीला बांधले आणि पलीकडच्या माणसाकडे धावले, कारण तो जास्त वाईट होता.

मी एवढे दिवस जे घडेल म्हणून झुरत होतो, अगदी तेच घडत होतं, जसं मी लिहिलं होतं तसंच. नाकावर हवा थंडगार लागत होती आणि छाती भाता फुटल्यासारखी. दुपट्टा ओला होऊन भोकाला चिकटला. देव आठवला नाही. नात आठवली नाही. तुमचा राग आला. म्हटलं, हा माणूस पोरीच्या लग्नावरून रुसून बसला आणि इथे मी चाललो.

हाताच्या बोटात तांब्याचं वेढं आहे, वातासाठी घातलेलं. ते दांडीवर वाजवता येत होतं. दोनदा वाजवलं. थांबलो. दोनदा वाजवलं.

लांबून कुणीतरी वळलं. चेहरा दिसत नव्हता, चष्म्यावर वाफ. ती सरळ आली आणि काही न विचारता माझा दुपट्टा वर उचलला.

"अरे देवा," म्हणाली, "तुमी आले काय जी!"

मास्क नाकावरून काढून गळ्याला लावला. त्याचा पट्टा तिथे बसेना, तर हाताने धरून उभी राहिली. कुणीतरी हाक मारली तर म्हणाली, "थांबा, मी हात नाई सोडू शकत." दुसऱ्या हाताने तिने माझी पट्टी सोडली आणि माझा हात धरून ठेवला. मला वाटलं, सगळ्यांचाच धरत असेल.

दोन दिवसांनी, जरा शुद्ध आल्यावर, तिने मला खाटांच्या मधून भिंतीकडे बघायला सांगितलं. त्यांच्या टेबलामागे सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला होता. त्यावर पेनाने काढलेला माणूस. गळ्यात दुपट्टा, डोळे भीतीने मोठे, कान तर सुपाएवढे. गळ्याकडे बाण. खाली तुमचं अक्षर. तेंदूपानं गोळा होतात त्या फडीवर तुम्ही पुडक्यांवर जसे आकडे टाकता तसं, उभं आणि ठाशीव.

"नाकाला नव्हे, गळ्याला. डरपोक आहे. हात धरा."

प्रेरणा सांगत होती. "सालेकशाकडचे आजोबा होते. मी नाकाले मास्क लावला त माह्या हातावर अशी थापड मारली! सोताच गळ्याले लावून घेतला. रोज सकाळी गिलास वाजवत, टन टन. मग एक दिवस लिहून देल्लं का माह्यासारखा आनखी एक येईन, दवनीवाड्याचा. म्या इचारलं, नाव का? त हात जोडून बसले, सांगेतच नाई. मी म्हटलं, आजोबा, नावाशिवाय ओळखू कशी? त हे चित्र काढलं. तवापासून मी दुपट्टेवाला म्हातारा आला का त्याचा गळा पाहून राहिली."

दुपट्टा, नाकावरच्या मास्कची भीती, हे सगळं मी पत्रात लिहिलेलं; म्हणजे माझी पत्रं तुम्हाला पोचत होती. वाचतही होते. उत्तर तेवढं देत नव्हते.

मी कागद मागून लिहिलं: ते कुठे आहेत?

ती माझं पांघरूण नीट करायला लागली. म्हणाली, मध्ये तिची पाळी दुसऱ्या इमारतीत लागली होती. परत आली तेव्हा त्या खाटेवर दुसरा माणूस होता. "रोज किती येतेत, किती जातेत. नाव सांगा, मी रजिस्टरमंदी पाहून देतो."

पेन माझ्या हातात होतं, महाप्रसाद. चार अक्षरं लिहायची होती. लिहिली की ती जाणार, बोट फिरवणार, आणि काय ते सांगणार. मी पेन खाली ठेवलं आणि हात जोडले.

ती म्हणाली, "तुमी दोघंबी सारखेच जी."

नेम पाळायचा म्हणून नाव लिहिलं नाही, की उत्तराची भीती वाटली म्हणून, ते तुम्हीच ठरवा. सकाळी जाग आली की गिलास दोनदा वाजवतो. या हॉलमध्ये कुणी परत वाजवत नाही.

तुमचा महाप्रसाद


दवनीवाडा
१४ मे

महाप्रसाद, सीताराम.

घरी आलो. सुलोचना खरंच गेटासमोर बसत होती, हे गजेंद्रने आता सांगितलं. चौकीदार शेवटी तिला चहा द्यायला लागला होता.

कालच्या गोष्टीचं शेवटी लिहितो. आधी कामाचं.

जबड्याखालची गाठ तिथल्या डॉक्टरांनी चाचपली. म्हणाले, शेक दिलेली कातडी अशी आवळते, पण नागपूरला दाखवाच. जून महिन्यात बोलावलं आहे. रुचिकाने फोनवर तुमच्याही तपासणीचं विचारलं, त्याच दिवशी या म्हणाले. मी माझ्या भीतीसाठी एकटा जाणार नाही. तुम्ही गोंदियाला गाडीत चढा, मी पुढच्या स्टेशनावर चढतो, माझी जागा धरून ठेवा. दुपट्टा ओला ठेवा. पाटी करा. अजून केली नसेलच.

येताना लुगडं आणतो, ते वहिनींकडे द्या, रेणू माहेरी आली की नेसेल. मांडवात उभा राहिलो नाही ते राहिलो नाही. आणि पाचशे पानं उठवायची नव्हती ते नव्हतीच. त्यावर आपण प्रवासभर भांडू. दोघांपाशी पाटी असेल तर भांडण बरोबरीचं होईल.

पुठ्ठा आणावासा वाटला. प्रेरणा म्हणाली, "घेऊन जा जी, तुमचाच त होय." नाही आणला. आपल्यासारखा तिसरा कुणी आला तर? फक्त त्यातला एक शब्द मी पेनाने खोडला. कोणता ते तुम्हाला कळेल. हात धरा, ते तसंच ठेवलं.

आता कालचं. तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो.

उन्हं उतरताना गजेंद्रचा फोन वाजला. नवा नंबर. तो हॅलो हॅलो करत राहिला, मग म्हणाला, "कोनी बोलूनच नाई राहिलं," आणि बंद करणार, तेवढ्यात मी त्याच्या हातातून ओढून घेतला. कानाला लावला. नुसता वारा होता. उंचावरचा, मोकळा. मी श्वास धरला. गळ्यावर हात ठेवून धरला.

मग वाजलं. दोनदा.

मला आजूबाजूला काही सापडेना. सुलोचना दळण निवडत होती, तिच्यापुढचा लोटा उचलला, दाणे सांडले, ओट्याच्या दगडावर आपटला. दोनदा. तिकडून पुन्हा दोनदा. मी पुन्हा. किती वेळ ते माहीत नाही. लोट्याला पोचे आले आहेत.

तुमचा फोन कटला, टेकडीवर रेंज गेली असेल. मी लोटा घेऊन तसाच उभा होतो. सुलोचनाने दाणे गोळा करता करता विचारलं, "एवढा वेळ का बोलले जी ते?"

मी पाटी घेतली आणि तिला लिहून दाखवलं.

आहेत.